आधी पांडा, मग पहाड

पत्र : ताई, भाऊबीज आटोपली की नोव्हेंबरात आमच्याकडे चौदा दिवस मोकळे आहेत. आम्ही दोघं आणि साडेसात वर्षांची लेक, असं तिघांनी नैर्ऋत्य चीनला जायचं मनात आहे. टूर कंपनी नको, आपलं आपण फिरायचं. चेंगदू, जिउझाईगौ, गुइलिन, दाली, लीजियांग, शांग्रिला अशी यादी केली आहे. नवरा म्हणतो, भाषा येत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही, पोर आजारी पडली तर काय करणार? सासूबाई म्हणतात, एवढ्याशा मुलीला काय आठवणार आहे, पैसे पाण्यात. आम्ही अंडं खातो, मांसमच्छी नाही. लेकीला विचारलं तर तिला फक्त पांडा बघायचाय. तिचा पासपोर्ट आहे, ती तीन वर्षांची असताना दुबईला मामाकडे गेलो तेव्हा काढलेला. आमचं काही चुकतंय का? माझं माहेर सटाण्याचं, घरात परदेशी जाणारी मी पहिलीच, म्हणून विचारते.
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि लगेच नकाशा उघडून बसले. जायचं ठरवलंत ते अगदी बरोबर आहे, माझा पूर्ण पाठिंबा. गाड्या वेळेवर धावतात, रस्ते रात्रीही निर्धास्त असतात, आणि लहान मूल सोबत असलं की लोक आपणहून मदतीला येतात. चुकतेय ती फक्त यादी. बारा रात्रींत सहा ठिकाणं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, नवी खोली शोधायची. मोठ्या माणसाचाही त्यात जीव जातो, लेकरू तर चौथ्या दिवशी रडकुंडीला येईल.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: लेकीला फक्त पांडा बघायचाय. तिथूनच सुरुवात करू. तिची ही इच्छा पहिल्या चार दिवसांत पुरी झाली, की पुढचा प्रवास ती तुमच्या कलाने करेल. योग असा की पांडा ज्या चेंगदू शहरात आहेत तेच तुमच्या यादीतल्या डोंगराळ ठिकाणांपेक्षा कितीतरी खाली आहे, जेमतेम ५०० मीटरवर. म्हणजे नाशिकपेक्षाही थोडं खालीच.

उंचीबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. वाटेत लागणारं कुनमिंग हे लाखो लोकांचं शहर जवळपास १,९०० मीटरवर वसलेलं आहे. दाली २,००० च्या आसपास, लीजियांग २,४००, आणि शांग्रिला थेट ३,३०० च्या घरात. डॉक्टर सांगतात की अडीच-तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. लीजियांगहून शांग्रिलाला २०२३ च्या नोव्हेंबरपासून रेल्वे झाली आहे, त्यामुळे आता तर ही नऊशे मीटरची चढण बसल्या जागी होते आणि शरीराला कळायच्या आत आपण वर पोहोचलेलो असतो.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मी लीजियांगला ही चूक केली. शहराच्या माथ्यावर ५,५९६ मीटर उंचीचा यूलाँग हिमशिखराचा डोंगर आहे आणि मोठा रोपवे तुम्हाला ४,५०६ मीटरवर नेऊन सोडतो. आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर गेलो. खाली सगळे जण ऑक्सिजनचे छोटे डबे घेत होते, मीही घेतला आणि समजले की झाली सोय. वर बर्फ बघून पोरगं आधी हरखलं, मग एकदम गप्प झालं. कठड्याला धरून उभं राहिलं आणि म्हणालं, ‘आई, डोक्यात ढोल वाजतोय.’ डब्याने दोन मिनिटं बरं वाटलं, मग उलटी. खाली येणाऱ्या रांगेत त्याला मी पोटाशी धरून उभी होते तो पाऊण तास मला आजही नको वाटतो. खाली उतरल्यावर तासाभरात तो खेळायला लागला, पण दोष सर्वस्वी माझा होता. लहान मूल ‘डोकं दुखतंय’ असं दर वेळी सांगत नाही. ते चिडचिडतं, जेवण नको म्हणतं, गप्प होतं. असं दिसलं की खाली उतरायचं, ‘आलोच आहोत तर थोडं थांबू’ म्हणायचं नाही. लेकीला बर्फाचा डोंगर दाखवायचाच असेल तर त्याच ठिकाणी सुमारे ३,२४० मीटरवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांमधलं कुरण आहे, त्याचा रोपवे वेगळा. तिथून शिखर समोर दिसतं, तेवढं पुरे. निघण्याआधी तिच्या बालरोगतज्ज्ञांना ही उंची आकड्यांत सांगा, आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी वर जाऊ नका.

म्हणून शांग्रिला या खेपेला नको. जिउझाईगौही उंचावर आहे, त्याला स्वतंत्र चार दिवस लागतात. गुइलिन तर पार दुसऱ्या दिशेला, ग्वांगशी प्रांतात. तिन्ही सुंदर आहेत, आणि मुलगी मोठी झाली की तिन्ही तिथेच असणार आहेत. आता असं करा: चेंगदूला चार रात्री, विमानाने कुनमिंग एक रात्र, रेल्वेने दोन तासांत दाली, तिथे चार रात्री, मग दोन तासांच्या आत लीजियांग, दोन रात्री, आणि परतीला कुनमिंग एक रात्र. उंची पायरीपायरीने वाढते आणि शेवटी उतरते. तिकीट काढताना उतरायचं चेंगदूला आणि परतायचं कुनमिंगहून, असं काढा. भारत-चीन थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांनी पुन्हा सुरू झाली, पण तुम्हाला मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणं सोपं पडेल. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही.

वेळ तुम्ही उत्तम निवडली आहे. १ ऑक्टोबरपासूनच्या सुट्टीच्या आठवड्यात सगळा चीन रस्त्यावर असतो, ती गर्दी तोवर ओसरलेली असते. युन्नानमधला, म्हणजे कुनमिंग, दाली, लीजियांग ज्या प्रांतात आहेत तिथला, पाऊस संपून आभाळ निळंशार झालेलं असतं. थंडी मात्र घेऊन ठेवा हिशोबात: लीजियांगला रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. जुन्या वाड्यांसारख्या खाणावळी-मुक्कामांत गादीवर विजेची चादर असते, ती झोपण्याआधी तापवून बंद करायची.

आता पांडा. चेंगदूच्या उत्तरेला पांडा प्रजनन संशोधन केंद्र आहे, १९८७ साली सुरू झालेलं. पांडा सकाळी गार हवेत जागे असतात, बांबू सोलून खातात, एकमेकांवर लोळतात. दुपारी सगळे झाडाच्या बेचक्यात झोपलेले, आणि पोरांना काळ्या-पांढऱ्या गाठोड्याखेरीज काही दिसत नाही. तेव्हा दार उघडताच, साडेसातच्या सुमारास, आत शिरायला हवं. पण चीनभर घड्याळ बीजिंगचं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले साडेसात म्हणजे लेकीच्या अंगातले पहाटेचे पाच! त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, तिसरा दिवस ठेवा. तोवर तिची झोप रुळते. प्रवेश पासपोर्टच्या नंबरावर आधी नोंदवावा लागतो. पांड्याला हात लावता येत नाही हे तिला घरूनच सांगून न्या.

उरलेल्या एका दिवशी दूजियांगयानला जा, रेल्वेने अर्धा-पाऊण तास. इ.स.पू. २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने तिथे मिन नदीचं पाणी धरण न बांधता विभागलं, माशाच्या तोंडासारखा बांध नदीच्या मधोमध घालून, आणि ते पाणी आजही चेंगदूच्या मैदानात शेतं भिजवतं. तुम्ही सटाण्याच्या, तुम्हाला मोसम-आरम नद्यांवरच्या फडबंधाऱ्यांची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. नदी अडवून न ठेवता पाटाने वळवायची आणि पाणी वाटून घ्यायचं, ही अक्कल दोन्हीकडे दिसते. लेकीला आधी आजोळचा पाट दाखवून मग हा दाखवलात तर ती नुसतं ‘जुनं काहीतरी’ म्हणून बघणार नाही.

चेंगदूत ऊन दिसलं नाही तर हिरमुसू नका. ढग तिथे इतके की ‘सिचुआनची (म्हणजे चेंगदूच्या प्रांताची) कुत्री सूर्याला भुंकतात’ अशी जुनी म्हण आहे. आणि युन्नान या शब्दाचा अर्थच ‘ढगांच्या दक्षिणेला’. विमान कुनमिंगला उतरताना हा अर्थ खिडकीतून दिसतो.

दालीला चार रात्री सांगितल्या त्या उगीच नाही. एका बाजूला त्सांगशानची रांग, दुसऱ्या बाजूला एरहाई तलाव, मध्ये ‘बाई’ नावाच्या तिथल्या जमातीची पांढऱ्या भिंतींची गावं. तलावाच्या पश्चिम काठाने गाड्यांना मज्जाव असलेला रस्ता आहे, तिथे सायकल भाड्याने घ्या आणि मुलीला पाहिजे तिथे थांबू द्या. एक सकाळ झौचेंग गावाला द्या. तिथे बांधणी चालते, निळीत रंगवलेली. माझ्या मुलाने रुमालाला दोऱ्याने गाठी मारल्या, रंगाच्या पिंपात बुडवला, बाहेर काढला तेव्हा तो हिरवट होता आणि हवा लागली तसा डोळ्यांदेखत निळा होत गेला. मग घरातल्या आजीने त्याचा हात धरून एकेक गाठ सोडायला लावली. शेवटची गाठ सुटली आणि आत पांढरं फूल निघालं. त्याची बोटं पुढचे दोन दिवस निळी होती, आणि रेल्वेत तो समोर बसलेल्या प्रत्येकाला ती दाखवत होता. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे हेच आहे. आज तो कॉलेजात आहे. हिमशिखर त्याला फारसं आठवत नाही, पण ती आजी आठवते, तिच्या अंगठ्याचं निळं नखसुद्धा.

जेवणाचं सविस्तर सांगते, कारण शाकाहारी कुटुंबं इथेच कच खातात. ‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी खाते, हे वाक्य पाठ करा आणि चिनी लिपीत फोनमध्येही ठेवा. पण तेवढ्यावर विसंबू नका. भाजीत मांस नसलं तरी फोडणी डुकराच्या चरबीची किंवा रस्सा कोंबडीचा असू शकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘मांस नको, मासे नकोत, प्राण्याची चरबी नको, मांसाचा रस्सा नको, अंडं चालेल’ असं वेगवेगळं लिहून घ्या. टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात कुठेही मिळतो, मुलांना आवडतो. चेंगदूत ‘बू याओ ला’, म्हणजे तिखट नको, हे आधी सांगायचं. तिथल्या मिरीने जीभ बधिर होते. ती आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली, वास घेतलात की लगेच ओळखाल. युन्नानात तुम्हाला सुखद धक्का बसेल, कारण तिथे दुधाचे पदार्थ आहेत. रूबिंग म्हणजे बकरीच्या दुधाचं पनीरच, तव्यावर परतून मिठाशी देतात. रूशान म्हणजे दुधाचे पातळ पापुद्रे काठीवर वाळवलेले, निखाऱ्यावर भाजून गुलाबाचा मुरंबा लावून देतात, चव थेट गुलकंदाची. गुलाबाच्या सारणाचे गोल केकही सगळीकडे दिसतील, पण त्यांच्या पापुद्र्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, विचारूनच घ्या. आणि घरून कोरडा उपमा-पोहे भाजून, मसाला घालून पुड्या करून न्या. चीनमध्ये उकळतं पाणी हॉटेलात, स्टेशनवर, रेल्वेच्या डब्याच्या टोकाशी, सगळीकडे फुकट मिळतं. झाकणाचा डबा आणि चमचे तेवढे हाताशी ठेवा.

पैसे आणि फोन यांची तयारी मात्र घरूनच करून जा. तिथे भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते. अलीपे ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर तीन टक्के. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेत सांगून सुरू करा आणि दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं जोडा. ओटीपी भारतीय नंबरावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगवर चालू हवं. पैसे देण्याचं दुसरं चिनी ॲप, वीचॅट, आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. तीन-चार दिवस पुरतील एवढे युआन रोख जवळ ठेवा, रोख नाकारायची तिथे दुकानदारांना परवानगी नाही.

व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब चीनच्या इंटरनेटवर उघडत नाहीत हे तुमच्या यजमानांचं खरं आहे. पण भारतीय सिमचं रोमिंग किंवा बाहेरून घेतलेलं ई-सिम असेल तर ते चालतात, कारण तो डेटा बाहेरच्या कंपनीमार्फत जातो. हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. म्हणजे आजीशी व्हिडिओ कॉल रोमिंगवरून करायचा. गूगलचा नकाशा तिथे ठिकाणं सरकवून दाखवतो, त्याच्यावर रस्ता शोधू नका. भाषांतराचं ॲप आणि चिनी भाषेचा संच फोनमध्ये उतरवून घ्या.

रेल्वेची तिकिटं १२३०६ या सरकारी ॲपवर इंग्रजीत काढता येतात, पंधरा दिवस आधी खिडकी उघडते. सहा ते चौदा वयाला अर्धं तिकीट, पासपोर्ट हेच तिकीट. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी असते, पाऊण तास आधी पोहोचा. फळं कापायची सुरी बॅगेत ठेवू नका. आणि पॉवर बँकबद्दल: २०२५ च्या जून महिन्यापासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हा चिनी शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. चेंगदू-कुनमिंग विमानात तुमची काढून घेतील. घरीच ठेवा, तिथे जाऊन घ्या.

लेक आजारी पडली तर? रुग्णवाहिकेचा नंबर १२०, पोलिसांचा ११०. मोठ्या शहरांत मुलांची रुग्णालयं चांगली आहेत, पण पैसे आधी भरावे लागतात. म्हणून प्रवास विमा घेताना उंचीवरच्या त्रासाचा खर्च धरला आहे ना, एवढं वाचून सही करा. तिची नेहमीची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, ताप मोजायचं यंत्र हातातल्या पिशवीत. तिच्या जर्किनच्या आतल्या खिशात रोज त्या त्या हॉटेलचं कार्ड आणि तुमचा नंबर ठेवा, चिनी लिपीतलं. लीजियांगच्या जुन्या गल्ल्या एकसारख्या दिसतात आणि संध्याकाळी गर्दी असते. शक्य तर बाजूच्या शूहे वस्तीत राहा, ती शांत आहे.

परतीच्या कुनमिंगच्या दिवशी काही ठरवू नका. सकाळी ग्रीन लेक बागेत जा. १९८५ च्या नोव्हेंबरपासून दर हिवाळ्यात सायबेरियाकडून हजारो कुरव पक्षी या शहरात येतात, लाल चोचीचे, आणि माणसांच्या हातून पाव खातात. त्यांचे भाऊबंद आपल्या भिगवणलाही येतात. त्यांच्यासाठीचा पाव तिथेच विकत मिळतो, तोच द्या, आपले वेफर्स नको.

आता सगळ्यात आधी करायचं काम. लेकीचा पासपोर्ट आज रात्रीच कपाटातून काढा. पंधराखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. ती तीनची असताना काढलेला म्हणजे तो आठव्या वर्षी संपणार, आणि तुम्ही जाल तेव्हा ती आठाला टेकलेली असेल. चीनच्या व्हिसाला किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. व्हिसा तिचा वेगळा काढावा लागेल, जन्मदाखला आणि तुम्हा दोघांच्या पासपोर्टच्या प्रती जोडून, आणि अर्ज मुंबईला होईल. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत परत न मिळणारं कोणतंही तिकीट काढू नका. हॉटेलंही रद्द करता येतील अशीच धरा. तारीख संपत आली असेल तर उद्याच पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या.